समुद्राकडे पाठ करून

नीसला राहतो असं सांगितलं की भारतातल्या मित्रांची प्रतिक्रिया ठरलेली असते. "लेका, मजा आहे तुझी! रोज बीचवर!" आता त्यांना कोण सांगणार की नीसचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालायचं म्हणजे नवस फेडल्यासारखं वाटतं. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे टॉवेल पसरायला जागा मिळवायची म्हणजे सकाळच्या विरार लोकलमध्ये चौथी सीट मिळवण्याइतकंच कौशल्य लागतं.

समुद्र सुंदर आहे, वाद नाही. पण तीन वर्षं इथे काढल्यावर माझं ठाम मत झालंय की नीसची खरी मजा समुद्राकडे पाठ केली की सुरू होते. त्यासाठी एक गाडी लागते, शनिवारी सकाळी सातला उठायची तयारी लागते, आणि बायकोचा होकार लागतो. (शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.)

आमच्यासारखे आयटीवाले इथे बरेच आहेत. शहरापासून वीसेक किलोमीटरवर सोफिया अँटिपोलिस नावाचं टेक्नॉलॉजी पार्क आहे. १९६९ साली सुरू झालेलं, म्हणजे आपल्या हिंजवडीचा आजोबाच म्हणा. तिथे नवीन आलेल्या देशी मंडळींचा पहिल्या वर्षाचा कार्यक्रम ठरलेला असतो. लाँग वीकएंड आला की पॅरिस, पुढचा आला की रोम, मग बार्सिलोना, मग स्वित्झर्लंड. सोमवारी ऑफिसात हे लोक डोळे चोळत येतात आणि कॉफी मशीनपाशी किती देश झाले त्याचा स्कोअर सांगतात. आम्हीही हे सगळं केलंय, नाही कशाला म्हणू? पण त्यातलं नेमकं काय आठवतं असं विचारलं तर एअरपोर्टच्या रांगा जास्त आठवतात.

म्हणून आमच्या घरात दीड तासाचा नियम आहे. घरातून निघाल्यावर दीड तासात पोचता येईल तिथेच जायचं, आणि रात्रीचा वरणभात घरी येऊन खायचा. या दीड तासात काय काय बसतं हे नकाशा उघडून बघा. नीसच्या मागे आल्प्स थेट समुद्रात उतरतात. किनाऱ्यापासून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आत तीन हजार मीटरच्या वरची शिखरं आहेत. एप्रिलमध्ये सकाळी टी-शर्टवर निघालेला माणूस दहा वाजता बर्फात उभा असतो.

नेहमीच्या जागा भराभर सांगून टाकतो, कारण त्या कुठल्याही गाईडमध्ये मिळतील. नीस आणि मांतों यांच्यामध्ये डोंगराच्या अंगावर एकावर एक असे तीन रस्ते आहेत, त्यांना कॉर्निश म्हणतात. खालचा समुद्रालगत, मधला एझ गावाच्या दारात नेणारा, आणि सगळ्यात वरचा नेपोलियनच्या काळातला. पाहुणे आले की वरच्याने जायचं आणि खालच्याने परत यायचं. दोन तासांत पाहुणे खूश. एझ गाव सकाळी नऊच्या आत बघावं, नंतर तिथे दगडी गल्ल्यांपेक्षा सेल्फी स्टिकच जास्त दिसतात. इटलीच्या बाजूला दोल्चेआक्वा म्हणून गाव आहे, तिथल्या एका कमानीच्या जुन्या पुलाचं चित्र मोनेने १८८४ साली काढलं होतं. पूल खरंच चित्रातल्यासारखा आहे. जाताना पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवा, कारण २०१५ पासून फ्रान्सने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलीये आणि परत येताना अडवलं तर उगाच खोळंबा.

आता थोडं गाडीबद्दल. माझी गाडी म्हणजे एक जुनी क्लिओ, गिअरवाली. उजव्या बाजूने चालवायची सवय चार दिवसांत होते. सवय होत नाही ती एका नियमाची: जिथे काहीच पाटी नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. म्हणजे तुम्ही गावातल्या मोठ्या रस्त्याने ऐटीत चाललाय, आणि उजवीकडच्या बोळातून एक आजीबाई गाडी घेऊन तुमच्याकडे न बघता सरळ बाहेर येतात. हक्क त्यांचा. डोंगरात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पेट्रोल शहरातच भरून घ्यायचं. आणि जेवायचं असेल तर पाऊण-एकला टेबलावर बसलेलं असायचं, दोननंतर गेलात तर "किचन बंद झालंय" हे वाक्य इतक्या गोड आवाजात ऐकवतात की भांडताही येत नाही. नोव्हेंबर ते मार्च वर जाणार असाल तर बर्फाचे टायर किंवा डिकीत साखळ्या हव्यात, २०२१ पासून तसा कायदाच आहे.

दीड तासाच्या नियमाला आम्ही अपवाद केला तो दालुईच्या घळीसाठी. व्हार नदीच्या काठाने वर वर जात राहिलं की दगडाचा रंग एकदम बदलतो. लाल. आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखा नाही, त्यापेक्षा गडद, ओल्या विटेसारखा. रस्ता त्या कड्याच्या पोटातून कोरलेला आहे, आणि गंमत म्हणजे वर जाणारी गाडी बोगद्यांतून जाते आणि खाली येणारी गाडी बाहेरून, दरीच्या कडेने. म्हणजे नजारा बघायचा असेल तर उतरताना बघायचा. आम्ही तो रस्ता त्याच दिवशी दोनदा केला. बायकोने दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवले होते असं ती म्हणते.

पण मला खरं सांगायचंय ते मागच्या मे महिन्याबद्दल. २०२५ च्या मेमध्ये आई-बाबा इथे आले होते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, महाड डेपोला. नोकरीची निम्मी वर्षं पोलादपूर-आंबेनळी घाट-महाबळेश्वर अशी वर-खाली करण्यात गेली. त्यांना काय दाखवायचं हा मोठाच प्रश्न होता. मोनॅकोला नेलं, तिथल्या गाड्या बघून ते म्हणाले, "या घाटात चालणार नाहीत. खालून घासतील." विषय संपला. म्युझियममध्ये ते शांतपणे बाकावर बसून राहिले. मग एका शनिवारी मी म्हटलं, बाबा, आज घाट.

तो गोल फेरा असा आहे. नीसहून लेस्कारेन, ल्युसेराम, मग जंगलातून चढत कोल द तुरिनी ही खिंड. तिथून पलीकडे ला बोलेनला उतरायचं, व्हेझुबी नदीच्या खोऱ्यात सां-मार्तां-व्हेझुबी गावापर्यंत जायचं, आणि नदीच्या घळीतून परत. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तुरिनी १६०७ मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्याही दोनेकशे मीटर वर. मॉन्टे कार्लो रॅलीवाले जानेवारीत इथून रात्री गाड्या उडवत जायचे, हेडलाईटचे झोत अंधारात सुऱ्यांसारखे दिसायचे म्हणून त्या रात्रीला लांब सुऱ्यांची रात्र असं नाव पडलं होतं.

बाबा पुढे बसले होते, आयुष्यभर ज्या बाजूला स्टिअरिंग होतं त्या बाजूला, रिकाम्या हातांनी. पहिली काही वळणं त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता. मी न बघितल्यासारखं केलं. मागून आई, "अहो, चालवू द्या की त्याला."

"मी काही बोललो का?"

थोड्या वेळाने बोललेच. "तिसऱ्यावर कशाला ओढतोयस? दुसरा टाक. इंजिन रडतंय."

दुसरा टाकला. इंजिनचं रडणं थांबलं. असे धडे मग दिवसभर चालू होते. ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. वळणात शिरायच्या आधी बघ, शिरल्यावर नाही. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ दे. हा शेवटचा नियम फ्रान्सच्या कायद्यातही अस्साच आहे हे सांगितल्यावर ते जरा खूश झाले. "मग? घाट सगळीकडे सारखाच," म्हणाले.

तुरिनीच्या पलीकडे उतरताना एका अगदी आवळलेल्या वळणावर समोरून बस आली. गावची साधी सर्व्हिस बस, पण लांबीला चांगलीच. मी गाडी कडेला घेऊन थांबलो. तिच्या ड्रायव्हरने मागेपुढे न करता ते वळण एका दमात घेतलं, पुढचा बंपर कठड्यापासून वीतभर. बाबांनी काच खाली करून हात वर केला. त्यानेही केला. "एका दमात घेतलं बघ मास्तरने," असं पुढची पाच मिनिटं चाललं होतं. मोनॅकोतल्या एकाही फेरारीला एवढी दाद मिळाली नव्हती.

मग आम्ही व्हेझुबीच्या खोऱ्यात उतरलो आणि गाडीत बोलणं बंद झालं.

हे खोरं मी आधीही पाहिलं होतं, पण बाबांशेजारी बसून पाहिलं नव्हतं. नदी छोटी आहे, मेमध्येसुद्धा उड्या मारत ओलांडावीशी वाटेल इतकी. पण तिचं पात्र भलतंच रुंद. पांढरे धोंडे, खरवडलेले काठ, मधूनच नव्या काँक्रीटच्या भिंती आणि नवा डांबरी रस्ता. जुना रस्ता आणि नवा रस्ता कुठे जोडलाय ते डांबराच्या रंगावरून कळतं.

२ ऑक्टोबर २०२०. त्या दिवशी आलेल्या वादळाचं नाव ॲलेक्स. भूमध्य समुद्रावरची ओली गरम हवा थेट या डोंगरांवर येऊन आदळली आणि सां-मार्तां-व्हेझुबीला एका दिवसात पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. नीस शहरात अख्ख्या वर्षात सातशे-आठशे पडतो, म्हणजे अंदाज करा. शेजारच्या रोया नदीच्या खोऱ्यातही तेच झालं. रस्ते, पूल, घरं गेली. आल्प-मारितीम जिल्ह्यात १० माणसं गेली आणि ८ बेपत्ता झाली. वरून वाहून आलेले ओंडके व्हार नदीतून समुद्रात गेले आणि इथल्या किनाऱ्यांवर येऊन पडले. बीचवर टॉवेल पसरणाऱ्यांना त्या डोंगरांची आठवण त्या दिवशी झाली असणार.

महाडच्या माणसाला हे सगळं नवीन नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा पूल दोन एसटी गाड्यांसकट गेला, तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो. गाड्या आमच्या डेपोच्या नव्हत्या. पण त्या पुलावरून बाबा किती वेळा गेले असतील याचा हिशोब आमच्या घरात कुणी केला नाही, आजही करत नाही. आणि २२ जुलै २०२१. महाबळेश्वरला चोवीस तासांत जवळपास सहाशे मिलिमीटर पाऊस, महाड पाण्यात, तळियेवर दरड. एकट्या तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा पुण्यात वर्क फ्रॉम होम करत होतो. दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. स्क्रीनवर स्टँडअप मीटिंग चालू आणि एका हाताने मी रीडायल करतोय. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा बाबा ओसरीवरचा चिखल फावड्याने ओढत होते. "आलास? चप्पल काढू नकोस," एवढंच म्हणाले.

कारणही एकच आहे बघा. समुद्र जवळ, त्याच्या अंगावर उभा डोंगर, आणि ढगाला वर चढण्याशिवाय वाट नाही. फरक इतकाच की महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या ओढ्यांना त्याची सवय तरी आहे. या खोऱ्याला नव्हती.

सां-मार्तांला गाडी गावाबाहेर लावली. जुन्या गावाच्या मुख्य गल्लीत मधोमध दगडी पाट काढलेला आहे आणि त्यातून पाणी खळाळत उताराला पळतं. आईला तो पाट फारच आवडला, आमच्या आजोळी वाडीत असाच होता. तिने पाण्यात हात घालून बघितला. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या होत्या, त्यामुळे दोनच्या आत जेवायची काळजी नव्हती, पण काहीतरी इथलं घ्यायचं म्हणून बेकरीत शिरलो.

काउंटरमागे साठीच्या एक बाई. माझं फ्रेंच ऑफिसपुरतं, मीटिंग पुढे ढकलण्याइतकं. बाबा म्हणाले, "विचार त्यांना, रस्ता किती दिवस बंद होता?" कुठल्याही पर्यटकाने विचारला नसेल असा प्रश्न. मी जमेल तसं विचारलं. त्यांनी हातातला ब्रेड खाली ठेवला. आधी हेलिकॉप्टर, म्हणाल्या. मग एका वेळी एकच गाडी जाईल एवढी कच्ची वाट. मग हा रस्ता. दिवसांचा आकडा त्यांनी सांगितलाच नाही, बोटाने तीन टप्पे दाखवले फक्त.

बाबांनी खिशातून फोन काढला. त्यात आमच्या पुढच्या खोलीचा फोटो आहे, २०२१ चा. भिंतीवर पाण्याची रेघ, आणि रेघेच्या वर राहिलेलं कॅलेंडर. बाबांनी तो त्यांच्यापुढे धरला आणि स्वतःच्या छातीपाशी आडवा हात लावून दाखवलं, इथपर्यंत. बाईंनी फोटो मोठा करून बघितला. रेघेवर बोट ठेवून मला काहीतरी विचारलं, आधी मला कळलंच नाही. त्या विचारत होत्या, आता तिथेच राहता का?

मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "सांग, तिथेच. आणखी कुठे जाणार?"

बाई हसल्या. म्हणजे हसल्यासारखं केलं. त्यांच्या ओळखीतली काही घरं धोक्याच्या पट्ट्यात आली, सरकारने विकत घेऊन पाडली, ती माणसं आता खाली किनाऱ्याकडे राहतात. त्या राहिल्या. मग एक ब्रेड आणि पालेभाजी घातलेला एक गोडसर पाय बांधून दिला. पैसे पूर्ण घेतले, ते मला बरं वाटलं. उपकाराचा व्यवहार झाला असता तर बाबा दिवसभर अवघडून बसले असते.

परतीच्या वाटेवर व्हेझुबीची घळ लागते. दोन्ही बाजूंना कडे, मध्ये नदी आणि रस्ता एकमेकांना खेटून. एरवी या टप्प्यात बायको फोटो काढायला तीनदा थांबवते. त्या दिवशी बाबांनीच एकदा थांबवलं, नवीन बांधलेली भिंत बघायला. उतरून त्यांनी भिंतीतली पाणी निघून जाण्यासाठी सोडलेली भोकं मोजली, खाली वाकून पाया कुठवर गेलाय ते बघितलं. "भिंत चांगली आहे," म्हणाले, "पण नदीने मागितलं तर देणार ती." मग गाडीत बसून, "चल. दुसऱ्यावर."

तेव्हापासून आमच्या वीकएंडच्या जागा जरा बदलल्यात. एझ आणि मोनॅको पाहुण्यांसाठी ठेवलेत. आम्ही वर जातो, आणि डबा नेला तरी कॉफी, चीज, ब्रेड गावातच घेतो. या गावांचं पोट त्या एका रस्त्यावर चालतं, शनिवार-रविवारच्या गाड्यांवर चालतं, आणि रस्ता चालू आहे हे वर कुणी आल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या घाटातल्या कुणा हॉटेलवाल्याला विचारलंत तर तोही हेच सांगेल, पावसाळ्यात घाट बंद झाला की त्याच्याकडे कोण येतं?

पुढचा बेत रोयाच्या खोऱ्याचा. तांद आणि त्याच्या शेजारची ला ब्रिग ही गावं १९४७ पर्यंत इटलीत होती. तिथून इटलीत जाणारा १८८२ सालचा बोगदा ॲलेक्सनंतर बंदच होता, त्याच्या जागी नवा बोगदा आई-बाबा परत गेल्यावर जून २०२५ मध्ये सुरू झाला. बाबांना फोनवर सांगितलं, तर पहिला प्रश्न, "लांबी किती?" जुना तीन किलोमीटरच्या थोडा वर होता म्हटलं. "मग कशेडीच्या बोगद्यापेक्षा मोठा की," म्हणाले. आवाजात किंचित नाराजी होती.

आता जुलैमध्ये मी रोज सकाळी सावित्रीची पातळी बघतो. आणि ऑक्टोबर लागला की महाडहून फोन येतो, नीसमध्ये कडक ऊन पडलेलं असलं तरी.

"तुमच्या वरती पाऊस आहे का रे? त्या बेकरीवाल्या बाईंच्या इथे?"

हवामान खात्याचा नकाशा उघडून, बघून, मगच उत्तर द्यायचं असतं. अंदाजे सांगितलेलं त्यांना चालत नाही.